दोन घरची पाहुणी

अमेरिकेतल्या ओहायोच्या लोइसबाईंच्या पत्राला, गावच्या चर्चच्या जुन्या वह्या सांभाळणाऱ्या मलाकीने वर्षभर उत्तर दिले नव्हते. आपले पणजोबा कॉर्नेलियस कुठल्या हेगार्टींचे, एवढेच त्यांनी विचारले होते. पण चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत त्या नावाची दोन बाळे होती, एक टेकडीवरच्या हेगार्टींचे आणि एक गिरणीवाल्यांचे. म्हातारीला भलत्याच थडग्यापुढे रडायला लावू, या धास्तीने त्याचे पेन अडले होते. आज पोस्टाच्या रांगेत दोन्ही घरच्या सुना नेमक्या त्याच्यापुढे होत्या.

"ब्रीडा, आता थेट फादरांनाच आलेलं ते पत्र त्यांनी रविवारी चर्चमध्ये वाचलं, ऐकलंस ना? ती अमेरिकेची बाई तुमच्या टेकडीवरचीच हो."

"आमची? आमच्यातलं कुणी चुलीपुढून उठत नाही, अमेरिकेला कुठलं जातंय! तुमच्या गिरणीचीच ती."

"पत्रात चारदा आभार मानलेत तिनं. आमच्यात एकदा तरी कुणी मानतं का?"

"हे मात्र खरं."

"आणि त्र्याऐंशीची आहे म्हणे. एकटीच येतेय."

"एकटी? मग उतरणार कुठे?"

"आमच्याकडे. खालची खोली रिकामीच आहे."

"तुमच्याकडे का म्हणून? आत्ताच तर आमची म्हणालीस!"

"तुला नको होती ना?"

"नको कधी म्हटलं मी? माझ्या नवऱ्याच्या रक्ताची आहे ती!"

मलाकीने खिडकीवर कागद, पाकीट आणि तिकीट घेतले आणि उभ्याउभ्याच लिहिले, 'पणजोबा नक्की कुठले ते मला सांगता येत नाही. दोन्ही घरे तुमच्यावर हक्क सांगत आहेत. लवकर या, भांडण वाढते आहे.' पत्ता तोंडपाठ होता. दुसरा विचार मनात यायच्या आत त्याने पाकीट पेटीत टाकले.