बापाच्या तलावात गरी टाकली म्हणून

माह्यं माहेर खाप्याच्या पुढचं, तलावाच्या काठावरचं एवढंसं गाव. आम्ही ढीवर. आजा मासे धरे, बाबा मासे धरे, दुसरं काही कोणाले येतच नव्हतं. आम्ही दोघंच, एक मोठा भाऊ अन् मी. दादाले चिखलाची लहानपणापासून किळस, म्हणून बाबा डोंग्यात मले घेऊन जाये. डोंग्यातलं पाणी उपसाचं काम माह्यं, गरीले गांडूळ लावाचं काम माह्यं, अन् कोणत्या झुडपाखाली मरळ बसली आहे हे मी बाबाच्या आधी सांगू. लाल पिल्लांचा झुबका पाण्यावर दिसला तर बाबा म्हणे, इथं गरी नाही टाकाची बाई, माय खालीच आहे त्याइची. अशी शिकली मी. मंग तेरा वर्षांची झाली अन् आई म्हणे, आता पोरीनं डोंग्यात बसणं चांगलं नाही दिसत. काहून नाही दिसत? कालपर्यंत दिसत होतं न? दारातून दिसे काठावरून निघालेला डोंगा, अन् मी चुलीपाशी.

लग्न होऊन नागपूरले आली. नवरा पेंटर, घरं रंगवते. मी इथं सक्करदऱ्याले पोरींच्या होस्टेलात पोळ्या लाटतो, हे हात पाहा माहे. एकच पोरगी, प्राची, तेव्हा दहावीत होती. तिले मोबाईलवर मासे धराचे व्हिडिओ पाहाचा नाद लागला. परदेशातले लोक, चांगले कपडे घालून काठावर उभे राह्यतात, मोठा मासा धरतात, फोटो काढतात अन् सोडून देतात. मी म्हटलं, येडे आहेत का हे? तर म्हणे, मम्मी, तुले येते का असं? मले येते का, विचारते! मी म्हटलं, चाल, दाखवतो तुले.

पावसाळ्यात मासोळी अंडे देते, तेव्हा धरणं बंद राह्यते. ती बंदी उठून चार दिवस झाले होते, पोळा याचा होता. रविवारी पहाटेच्या गाडीनं गेलो. भावाच्या घरी आधी गेलीच नाही मी, सरळ तलावावर. बाबा गेल्यापासून त्या घरात माह्यं मन लागत नाही. काठावर बेशरमाची झुडपं माजली होती. त्यातून वाट काढली, बांबूची काठी, तंगुसाची दोरी, अन् गरीले बेडकाचं पिल्लू. पोरगी घाबरली नाही, हे सांगतो तुम्हाले, स्वतः लावलं तिनं. पण बसणं येईना तिले. दर दोन मिनिटाले काठी उचलून पाहे, मंधातच मोबाईल काढे. मी अशी चिडली, म्हटलं मासा काय तुह्या फोनची वाट पाहून राहिला का वं? ठेव तो खिशात. मंग ठेवला.

दोन घंटे गेले. काहीच नाही. अन् एकदम काठी वाकली. ओढू नको, ओढू नको, मी वरडून राहिली, ती ऐके तर न, पण हात हलके होते तिचे, जाऊ दे, आण, जाऊ दे, आण. मरळ निघाली. कोपरापर्यंत लांब, काळी, अंगानं भरलेली. पोरगी चिखलात बसली मासा मांडीवर घेऊन अन् हसून राहिली. माह्या तोंडाले पाणी सुटलं, खोटं काहून बोलू. गावच्या तलावाची मरळ किती वर्षांत खाल्ली नव्हती मी. डोक्याचा रस्सा कसा कराचा ते ठरवून झालं होतं माह्यं.

तेवढ्यात ठेकेदाराचा चौकीदार आला. गावच्या ढीवरांच्या सोसायटीनं तलाव ठेक्यानं दिला होता, ते मले माहीत होतं. पण सभासदाच्या घरच्यांले गरीनं खायापुरते मासे कायमचे माफ आहेत, बाबाच्या वेळपासून. मी ते सांगितलं. तो हिंदीत म्हणे, तुम्हारा नाम नहीं है, लिस्ट में भाई का नाम है. अन् काठी हिसकली अन् गुडघ्यावर मोडली. मी म्हटलं, बोलव माह्या भावाले.

दादा आला. बहीण समोर उभी, तर कशी आहेस नाही, केव्हा आलीस नाही. म्हणे, तुले इथं कोणी बोलावलं? मी म्हटलं, बाबाच्या तलावावर याले बोलावणं लागते का? बाबाच्या मागं दोघांचं नाव लागलं आहे न? तर चौकीदारासमोर, माह्या पोरीसमोर म्हणे, तुह्यं नाव केव्हाच निघालं, तेरवीच्या दिवशी तूच सही केली.

काय सांगू तुम्हाले. ती सही! रडून रडून डोळे सुजले होते माहे, अन् हा म्हणे मृत्यूच्या दाखल्याचा कागद आहे, कर. भाऊ सांगून राहिला म्हणून केली. बापाची राख थंडी झाली नव्हती अन् यानं मले तलावातून काढलं. ज्याच्यानं चिखलात पाय टाकवत नव्हता, त्यानं!

चौकीदार म्हणे, मछली यहीं रखो, सोसायटी की है. मी म्हटलं नाही ठेवत. तो पोरीकडं वळला. प्राची उठली, पाण्यात गुडघाभर गेली अन् मरळ सोडून दिली. म्हणे, सोसायटीची आहे न मामा? मंग राहू द्या सोसायटीत. दादा पाहातच राहिला.

अन् मी? मले पोरीचा राग आला. आता हसू येते, तेव्हा नाही आलं. बस स्टॉपवर म्हटलं, एवढी मोठी मरळ, सोडाची अक्कल कोणी दिली तुले? तर म्हणे, मम्मी, तू न वाचता सही काहून केली? मी कानाखाली मारली तिच्या. भर रस्त्यात. जो राग भावाचा होता, तो लेकरावर काढला. ती रडली नाही. गाडीत खिडकीकडं तोंड करून बसली, अन् मी माह्या हाताकडं पाहात बसली.

तिसऱ्या दिवशी तिनंच सोसायटीचे नियम कुठून तरी काढले, मी कणीक मळत होती तर मोठ्यानं वाचून दाखवले. बाईनं सभासद होऊ नये असं एका ओळीतही लिहिलं नाही. मले सभासद कराचा अर्ज तिनं लिहिला. या वेळी दोनदा वाचून घेतला अन् मंग सही केली. सेक्रेटरीनं तीनदा वापस पाठवलं, एकदा साहेब नाही, एकदा फोटो नाही, एकदा उद्या या. उद्या या! कामाचा माहा खाडा होते, रोजी बुडते, ते कोण पाहाणार? चौथ्यांदा मी मीटिंगातच जाऊन बसली. सगळे माणसं. कोणी नजर मिळवे ना. बाबाच्या सोबतचा एक म्हातारा तेवढा उठला, म्हणे, हिनं डोंग्यातलं पाणी उपसलं आहे, मी पाहिलं आहे, हिच्या भावाले उपसताना मी नाही पाहिलं. दादा तरातरा निघून गेला.

शेवटी काय दिलं? काठावरून गरी टाकाची परवानगी. तोंडी. सेक्रेटरी असा म्हणे जशी मले साडी-चोळी करून राहिला. मी म्हटलं, परवानगी पोरंसोरं मागतात गा, मले सभासद करा. ते नाही केलं. मंग ते प्रकरण सोसायट्यांच्या वरच्या हापिसात टाकलं आम्ही. दोन तारखा झाल्या, दादा एकीलेही आला नाही.

राखीले गेली नाही यंदा. आई असती तर म्हणती, सोडून दे वं, एकच भाऊ आहे. नाही सोडत. एकच भाऊ होता, म्हणूनच नाही सोडत.

पोरगी अकरावीत गेली. सुटी मिळाली की आम्ही दोघी जाऊन बसतो काठावर, चौकीदार दुरून पाह्यते, काही म्हणत नाही. परवा तिले लहान लहान दोन भेटल्या, तिनं घरी आणल्या, मी तळल्या. देवानं तिले चांगलं ठेवावं, अन् माह्यासारखं कोणाच्या भरवशावर ठेवू नये. तारीख पुढच्या महिन्यात आहे. मी जाणार आहे.