वरच्या पलंगाचा कठडा

वसतिगृहाचा अधिकृत खुलासा असा: दुमजली पलंग उत्तम, टिकाऊ, निवडक सागाचे असून पूर्णतः सुरक्षित आहेत, वरून पडलेली विद्यार्थिनी उंचावर झोपण्यास सरावलेली नव्हती. लाकडाला तीन विशेषणे लाभली. मुलीला तिचे नावही नाही. खुलासा लिहिणारे अधीक्षक गुणवंतराव आणि मुलीचा बाप लालसू चांद्याच्या दवाखान्याच्या ओसरीवर माझ्या शेजारीच बसले होते.

"साहेब, सुकरी पाय हालवून नाई राह्यली."

"डॉक्टर पाहून राह्यले ना. तुमची पोरं भुईवर झोपणारी, लालसू. उंचावरची सवय नाई त्याईले."

"सवय कशी नाई जी? धानाच्या राखणीले ते माझ्यासंगं मचाणावरच झोपते."

"मंग तिथून नाई पडत, अन् इथूनच बरी पडली?"

"मचाणाले चारी बाजूनं आडवे बांबू बांधतो आमी. झोपेत माणूस लोळतेच."

"आमच्या पलंगालेही कठडा होता."

"होता जी. पोरी सांगतात, सुतारानं काढून नेला."

"पोरी काहीही सांगतात."

"सुतारही तेच सांगते. मी त्याच्या घरून आलो."

गुणवंतरावांनी खुलाशाचा कागद घडी करून खिशात घातला.

"सुतार आपल्या मनानं काढन का, साहेब?"

"नाई."

"मंग काऊन काढला?"

"मोठे साहेब पाहणीले येणार होते. कठड्याआड नव्या चादरी दिसत नव्हत्या, म्हणून मीच काढाले लावला."