अर्धा कोयता

(मांजरसुंबा. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीच्या वसतिगृहाचं ऑफिस. कावेरी कॉम्प्युटरपुढं, शेजारी तिचं बाळ झोपलेलं. बाहेर रस्त्यावर टोळीचा ट्रॅक्टर निघायच्या बेतात.)

शिवकन्या : पुन्हा बघ म्हणलं ना! आरोही. माझी लेक. तिसरीत हाय. मी चालले कारखान्याला, घरी कुत्रंसुदिक न्हाई ऱ्हायलं. अन् तुमी म्हणता यादीत नाव न्हाई?

कावेरी : बघतेच आहे ताई. हळू बोला, बाळ उठेल माझं.

शिवकन्या : तुझं उठंल. माझं उसाच्या फडात बिबट्याच्या तोंडी जाईल, त्याचं काय?

कल्याणराव : ए बाई, हुज्जत घालू नको. संस्था मी चालवतो, पण यादी कॉम्प्युटरनं काढलीय. आईबाप दोघं ऊसतोडीला गेले, त्यांचंच लेकरू हितं. साफ नियम हाय.

शिवकन्या : दोघं कुठून आणू सायेब? तिचा बाप मागल्या हंगामात फडावरच मेला. ट्रॉली उलटली अंगावर. तुमीच आलते की दहाव्याला, डोळे पुसत.

कावेरी : थांबा. आरोहीची नोंद तर आहे इथं. आई स्थलांतरित : हो. आणि वडील... वडिलांचा रकानाच नाहीये.

कल्याणराव : मेल्या माणसाचं काय भरणार? सर्व्हेच्या पोरांनी पुसला असंल.

कावेरी : मग कॉम्प्युटरनं नाही काका, मीच गाळलंय तिला.

शिवकन्या : म्हंजी?

कावेरी : प्रत्येक लेकराचा इथं एक वेगळा कागद आहे असं समजा. जे माहीत ते त्याच्यावर लिहिलेलं, जे नाही त्याला जागाच नाही. मी कॉम्प्युटरला अट घातली, आई गेलीय ‘हो’ आणि वडील गेलेत ‘हो’, असे कागद तेवढे काढ. दोन्ही पाहिजेत. आरोहीच्या कागदावर एकच ‘हो’. म्हणून तो उचललाच गेला नाही.

शिवकन्या : व्वा! मुकादमबी हेच करतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. नवरा मेला की बाई अर्धा कोयता. म्हणतो, भावासंग जोडी लाव, न्हाई तर टोळीत घेत न्हाई. तिकडं मी अर्धी, हितं माझी लेक अर्धी. एवढी शिकलीस अन् मुकादमच झालीस की गं!

कल्याणराव : बास झालं. कावेरी, बापाच्या पुढं ‘हो’ टाक. नाव येतंय, बाई जाती, ट्रॅक्टर जातोय. मिटलं.

शिवकन्या : काय टाक?

कल्याणराव : ऊसतोडीला गेलाय म्हणून. नुसतं लिहायपुरतं गं.

शिवकन्या : खबरदार! ट्रॉलीखालून काढला तवा कोयता तसाच होता त्याच्या हातात. बोटं सोडवावी लागली मला. आता मेल्यावरबी ऊस तोडाय धाडता त्याला? ऱ्हाऊ द्या तुमचं वसतिगृह. नेते मी लेकीला फडात.

कावेरी : बसा ताई, कुठं नेताय? काका, खोटं मी लिहिणार नाही. अटच बदलते.

कल्याणराव : अटीला हात लावायचा न्हाई! एकीसाठी सगळी यादी उचकटशील. कुणाची आई न्हाई, कुणाचा बाप न्हाई, अशी किती लेकरं निघतील. गाद्या काय तुझ्या सासऱ्याच्या दुकानातून आणू?

कावेरी : म्हणजे तुम्हाला माहीत होतं.

कल्याणराव : अंदाज होता.

कावेरी : अंदाज होता! अन् मला पेढे दिले तुम्ही, ‘यादी लई नीट बसली, गाद्यांएवढीच निघाली’ म्हणून! मी घरी सांगत फिरले. गाद्या पुराव्यात म्हणून लेकरं गाळली व्हय माझ्या हातानं? आणा मग दुकानातून गाद्या. सासऱ्यांना मी बघते.

कल्याणराव : आवाज खाली कर.

कावेरी : न्हाई होत खाली! ...उठला बघा हा.

शिवकन्या : दे हिकडं त्याला. तू बटनं दाब. नाव काय ह्याचं?

कावेरी : संगमेश.

शिवकन्या : उगी, उगी रं संगमेशा. तुझी आय भांडाया लागलीय. भांडू दे तिला.

कावेरी : आता कोण गेलंय ते विचारतच नाही. घरी कोण राहिलंय ते विचारते. आई घरी किंवा बाप घरी असं ज्या कागदावर लिहिलंय, तेवढे बाजूला ठेव. बाकी सगळे दे, रकाना असो नसो. ...आली. ताई, आरोही आली.

शिवकन्या : कुठं? दाव.

कावेरी : ही. तिच्याखाली धर्मापुरीचा हनुमान. चकलांब्याची तेजश्री, हिच्या आईचा रकाना नाही. अजून येतायत, काका. कुठं असतील ही लेकरं आत्ता?

कल्याणराव : कुठं असणार? निम्म्या टोळ्या दिवाळी झाली की लेकरं घेऊन गेल्या.

कावेरी : मग मुकादमांना फोन लावा. एकेकाला. तुम्हीच लावायचे.

कल्याणराव : ...सांग नंबर. धर्मापुरीपासनं सांग.

शिवकन्या : त्या तेजश्रीसाठी नका लावू.

कावेरी : कावून?

शिवकन्या : आय न्हाई तिला, बाप आमच्याच टोळीत हाय. ती बाहेर ट्रॉलीत बसलीय, आरोहीच्या शेजारी. धर तुझं बाळ. उतरवते दोघींना.

कावेरी : सामान असेल ना त्यांचं? माणूस देते संगं.

शिवकन्या : माणूस कशाला? दोघींची कापडं येकाच पिशवीत भरलीत मी.