वहीतली पाहुणी

अड्यारच्या एकाच ऑफिसात मी नऊ वर्षं फरशी पुसते, यावर कोणी विश्वासच ठेवेना. जिन्यावर घसरून मनगट मोडलं, तेव्हा विम्याच्या दवाखान्यासाठी चिठ्ठी मागितली. मॅनेजर म्हणाला, "तुम्ही कंत्राटदाराच्या." कंत्राटदार म्हणाला, "माझ्या यादीत नाव नाही, ऑफिसला विचारा."

म्हटलं, गेटवरची वही आणा, रोज सही करते मी. वही आली तसा मॅनेजर हसला. "अम्मा, ही पाहुण्यांची वही. कायद्यानं तुम्ही इथं पाहुण्या."

वर इंग्रजीत काय लिहिलंय ते चौथी शिकलेल्या मला काय कळणार? वॉचमननं पहिल्या दिवशी बोट ठेवलं, तिथं सही करत आले.

"पाहुणीच्या हातात पोछा देता?" मी विचारलं. "नऊ वर्षांत एकदा तरी चहा विचारलात?"

मॅनेजरनं अपघाताचा कागद तेवढा भरला. रिसेप्शनवरच्या पोरीकडून मी तो वाचून घेतला. कामगाराचं नाव, तिथं नुसती रेघ. जिना ओला ठेवल्याचा दोष कोणाचा, तिथं मात्र पूर्ण नाव, एक अक्षर न चुकता: कमलाबाई गोपाळराव. म्हणजे मी.