आईचं कपाट

रूपाली : रवा फेकला, बेसन फेकलं, डबे गरम पाण्यानं धुतले. अन् हे पाहा बाबा, फिर अनाजातलं पाखरू उडून राहिलं!

श्यामराव : एखादं असंन. मरून जाते.

रूपाली : मागच्या रविवारीही हेच म्हटलं तुम्ही. तेलीबांध्याहून मी काय दर रविवारी पाखरं मारायले येऊ?

श्यामराव : नको येऊ. मले काय डबे धुता येत नाही?

रूपाली : येते ना! तुरीच्या डाळीत एरंडीचं तेल इतकं ओतलं, का वरण खाल्लं असतं तर दवाखान्यात जा लागलं असतं.

श्यामराव : तुझी आई टाके, म्हणून मीही टाकलं.

रूपाली : आई हातावर घेऊन चोळे. तुम्ही बाटली उलटी केली... थांबा. हे किचनमधून नाही येऊन राहिलं. आईच्या कपाटाच्या फटीतून येऊन राहिलं. चावी द्या.

श्यामराव : त्यात साड्या आहेत. अनाज नाही.

रूपाली : चावी, बाबा.

श्यामराव : किचन साफ करायले आली ना तू? किचन कर.

रूपाली : आई गेली तेव्हापासून बंद आहे ते. साड्यांची काय हालत झाली असंन!

श्यामराव : उघडलं का तू त्यात डांबराच्या गोळ्या टाकशील. तुझ्या घरच्या कपाटात तोच वास येते.

रूपाली : मंग?

श्यामराव : मंग तिचा वास राहणार नाही.

रूपाली : ...नाही टाकत गोळ्या. द्या.

(कपाट उघडतं. चार-पाच पाखरं बाहेर पडतात.)

रूपाली : हव, पाहा. साड्यांखाली ब्लाउजपीसची गाठ. ओटीचे तांदूळ आहेत, बाबा! पुरी जाळी धरली.

श्यामराव : अभनपुरची ओटी. तुझ्या इंदूमावशीच्या पोट्टीच्या लग्नातली.

रूपाली : रांधले काहून नाही मंग?

श्यामराव : तिथून आल्यावर बिमारच पडली ना तुझी आई. म्हणे, ओटीचे तांदूळ दुसऱ्याले देऊ नये. बरी झाली का गोड भात करीन.

रूपाली : ...फेकू?

श्यामराव : फेकू नको. गच्चीवर पसरव. चिमण्या तांदळासंगं अळ्याही खातीन.

रूपाली : अन् साड्या?

श्यामराव : उन्हात टाक. झटकून टाक.

रूपाली : उन्हात वास निघून जाईन, बाबा.

श्यामराव : माहीत आहे. कडुनिंबाचा पाला मी आणतो. अन् जायच्या आधी मले दाखव, तेल हातावर किती घे ती.