दोघींचा वाघ

सावलीहून सुटलेल्या एसटीत बापूरावांनी झोपेसाठी डोळे मिटले खरे, पण कान पुढच्या सीटवरच राहिले. तिथे त्यांच्याच गावची, बी.ए.ला असलेली संघप्रिया शेजारच्या आशाबाईंना वहीतलं गणित वाचून दाखवत होती.

"दोन बाया रानात मोहा वेचाले गेल्या. एकीले वाघ दिसाची शक्यता दहात एक, दुसरीलेही तेवढीच. दोघींलेही न दिसाची किती?"

"किती?"

"शंभरात एक्क्याऐंशी. दोघी स्वतंत्र हायेत ना."

"स्वतंत्र म्हंजे?"

"एकीचं दुसरीवर अवलंबून नाई."

"मंग त्या आपल्या गावच्या नाईत."

"काऊन?"

"आमी पाठीले पाठ लावून वेचतो. ती तिकडं पाह्यते, मी इकडं. एकीले दिसला म्हंजे दोघींले दिसला."

"मंग गुणाकार चालतच नाई इथी."

"अन् एकटीच गेली तं?"

"शंभरात नव्वद."

"पाह्य. तुया वहीतही एकटीचंच बरं हाये."

"म्हंजे तुमी एकट्या जाता? तुमच्या जोडीची सीतामावशी कुठी गेली?"

"ते गेली लेकाकडं, ऊर्जानगरले. आठ दिवस झाले, मी एकटीच जातो."

संघप्रियाने वही मिटली. बापूरावांनी डोळे उघडले.

"मावशी, उद्या किती वाजता निघता?"

"पाचले. पण उद्या तुया पेपर हाये."

"पेपर अकराले हाये. मले साडेचारले आवाज द्या."

"बरं. पण वही घरी ठेवून ये. मले पाठ पाह्यजे."