बायजाबाईंचा अंगठा

त्र्याऐंशीच्या मे महिन्यात खालापूरच्या मामलेदार कचेरीबाहेर मी बाकावर बसलो होतो. शेजारी चांगो आणि त्याची विधवा भावजय बायजाबाई बसले होते. सामाईक डोंगरावरची झाडं कोळसाभट्टीवाल्याला विकायच्या अर्जावर चांगोचा अंगठा उठला होता, बायजाबाईंचा राहिला होता.

"वैनी, लावा की अंगठा. सायेब जेवायला उठंल."

"भावजी, पलीकडचा डोंगर तुमी बोडका केलात. तवापासून घरात झळा येतात, विहीर चैतातच आटते."

"ऊन काय माझ्या कुऱ्हाडीनं वाढलं? अवो, आभाळापुढं माणूस म्हंजे मुंगी. मुंगी काय करनार?"

"कायच नाय?"

"कायच नाय!"

"मग गेल्या साली पाऊस लांबला, तवा बेडकांचं लगीन कोनी लावलं?"

"मी लावलं. चौथ्या दिशी धो धो! गाव अजून माझं नाव काढतो."

"दोन बेडकांच्या लग्नानं आभाळ हाललं, आन् हजार झाडं पाडली त्याचा त्याला पत्ताच नाय?"

"वैनी, देवाधर्माचं येगळं असतं."

"असंल. पन पाऊस तुमचा, तर ऊनबी तुमचं. नायतर आज पारावर सांगा, पाऊस आपसूक आला, माझा काय संबंध नाय."

"पारावर? सगल्यांसमोर?"

"सगल्यांसमोर."

"...पाऊस मीच आनलाय, वैनी."

"मग फाडा अर्ज."

चांगोने अर्ज फाडला. तेवढ्यात शिपायाने नाव पुकारलं.

"आमचं काम झालं, दादा," बायजाबाई उठत म्हणाल्या. "भावजींनी आभाळाची जबाबदारी घेतलीय."